झाकण उघडण्याआधी

२००७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, एका धनगरवाड्यावरच्या प्राथमिक शाळेत हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप येऊन पोचले. एक खोली, एक गुरुजी आणि पहिली ते चौथीची वीस-बावीस मुलं. प्रत्येक मुलाच्या हाती स्वतःचा लॅपटॉप असावा, अशी मोहीम अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ साली जाहीर केली होती. तिचा भारतातला पहिला प्रयोग या वाडीवर सुरू झाला. एक्सओ नावाचं ते यंत्र मुलांचाच विचार करून घडवलेलं होतं. वजन साधारण दीड किलो. पडदा साडेसात इंची, पण भर उन्हात अंगणात बसूनही वाचता येईल असा. कीबोर्ड रबराचा, धूळ आत जाऊ न देणारा. दोन बाजूंचे वाय-फायचे ‘कान’ वर केले की जवळजवळचे लॅपटॉप इंटरनेट नसतानाही एकमेकांना जोडले जात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले अभ्यासकही पुढे या शाळेशी जोडले गेले.

त्याच्या आदल्या वर्षी केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना देशभर राबवायला नकार दिला होता. वर्गखोल्या आणि शिक्षक यांचीच टंचाई असताना एवढा पैसा यंत्रांवर घालणं मंत्रालयाला पटलं नव्हतं. मुलाला स्वतःचं यंत्र दिल्याने त्याचं शिकणं सुधारतं याचा पुरावा काय, असाही आक्षेप होता. तो आक्षेप मला रास्त वाटतो. पण वाडीवरच्या त्या खोलीची गरजही तितकीच खरी वाटते. चार इयत्ता एकाच सतरंजीवर बसलेल्या असतात. गुरुजी पहिलीला अक्षरं गिरवायला बसवतात तेव्हा तिसरीने काय करायचं, हा एकशिक्षकी शाळेचा रोजचा पेच. अशा ठिकाणी यंत्र आलं, तर गुरुजींनी ते कुणाच्या हाती, कुठल्या कामासाठी आणि किती वेळ द्यायचं? वर्गातल्या लॅपटॉपविषयी बोलताना मला हा प्रश्न सगळ्यांत कामाचा वाटतो. शाळेत किती लॅपटॉप आले, हे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये लिहिलं जातं. त्या तासाला मुलांनी त्यावर काय केलं, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाही.

यंत्रं वाटून काय होतं, याचा मोठा दाखला पेरू देशाचा आहे. निग्रोपाँटेंच्या मोहिमेतले सर्वाधिक लॅपटॉप त्या देशाने घेतले. संख्या आठ लाखांच्या पुढे गेली. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी करून २०१२ साली अहवाल दिला. लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना केली, तेव्हा गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. तर्क आणि आकृतिबंध ओळखण्याच्या चाचण्यांत थोडी सुधारणा होती, तेवढीच. मुलं लॅपटॉप वापरत होती, हे यंत्रांतल्या नोंदींवरून दिसत होतं. लिहिणं, खेळणं, गाणी, फोटो, सगळं चालू होतं. फक्त वर्गातल्या पाठाशी त्याची गाठ कुणी घालून दिली नव्हती, कारण शिक्षकाला त्यासाठी तयार करण्याचं काम योजनेत मागे राहिलं होतं.

आता आपल्या शेजारचं गुजरात पाहा. २००२ ते २००४ या दोन शैक्षणिक वर्षांत वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी संगणकावर गणिताचे खेळ ठेवले. प्रत्येक मुलाला आठवड्याला दोनच तास, तेही एका संगणकासमोर दोन मुलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीत या मुलांचं गणित स्पष्टपणे वर आलं. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढी वाढ क्वचित दिसते. भाषेत मात्र फरक पडला नाही आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात कमाईही बरीच ओसरली.

त्याहून बोलका प्रयोग ज्ञानशाला या अहमदाबादच्या संस्थेचा आहे. ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञाने २००८ साली त्याचे निष्कर्ष मांडले. दुसरी-तिसरीच्या मुलांना रोज तासभर संगणक मिळणार होता. काही केंद्रांत हा तास शाळेच्या वेळातूनच काढला, म्हणजे शिक्षिकेचं शिकवणं तेवढं कमी झालं. इतर केंद्रांत शाळेच्या आधी किंवा नंतर तो जादा दिला. सॉफ्टवेअर तेच, मुलं त्याच वस्त्यांतली. जिथे शिक्षिकेचा तास कापला तिथे मुलं मागे पडली. जिथे तिच्या शिकवण्यावर ही भर पडली तिथे ती पुढे गेली, आणि सर्वांत जास्त फायदा कच्च्या मुलांना झाला. चांगलं शिकवणाऱ्या बाईंचा तास यंत्राला देऊन टाकू नये, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच समोर आलं असेल. एकशिक्षकी शाळेतल्या त्या पेचाचं उत्तरही यात दडलेलं आहे. गुरुजी पहिलीजवळ असतात, तो तिसरीचा रिकामा वेळ यंत्राला द्यावा. गुरुजी तिसरीजवळ आले की यंत्र बाजूला ठेवावं.

म्हणून शिक्षकाने पहिला विचार करावा तो हा, की फळा, खडू, वही आणि परिसर यांनी जे होत नाही, ते या यंत्राने काय होतं? पाठ्यपुस्तकाचं पान पडद्यावर दाखवण्यासाठी लॅपटॉप लागत नाही. पुस्तक मुलाच्या दप्तरात असतंच. आपल्याकडे ‘डिजिटल शाळा’ म्हटलं की भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड आणि समोर हाताची घडी घालून बसलेला वर्ग, असं चित्र रूढ झालं. लोकवर्गणी काढून, स्वतःच्या पगारातून भर घालून शिक्षकांनी ही साधनं उभी केली, याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या चित्रात यंत्र एकट्या शिक्षकाच्या हाती असतं. मुलगा पाहतो, ऐकतो, घंटा होते. आपण केलेल्या बदलाचा परिणाम मुलाला समोर दिसला, चूक तिथल्या तिथे दुरुस्त करता आली, आपला आवाज पुन्हा ऐकता आला, तर यंत्र आणल्याचं काही चीज होतं.

सातवीच्या भूमितीतला एक पाठ घेऊ. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक एका बिंदूत मिळतात; तो परिकेंद्र. फळ्यावर बाई एक त्रिकोण काढतात, बहुतेक वेळा लघुकोनच, आणि बिंदू आत पडतो. वहीत मुलं तसाच त्रिकोण काढतात. परिकेंद्र नेहमी आतच असतो, अशी समजूत कुणी न शिकवताच पक्की होते. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन तरुणाने २००१ मध्ये पदव्युत्तर अभ्यासासाठी बनवलेलं जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर इथे उपयोगी पडतं. पण झाकण उघडण्याआधी बाईंनी वहीत एक ओळ लिहून घ्यावी: त्रिकोणाचा एक कोन मोठा-मोठा करत नेला, तर परिकेंद्र कुठे जाईल? प्रत्येकाने अंदाज लिहायचा, शेजाऱ्याला दाखवायचा, पटला नाही तर भांडायचं. मग लॅपटॉप उघडायचे आणि एक शिरोबिंदू धरून हळूहळू ओढायचा. बिंदू सरकत सरकत बाजूकडे येतो, काटकोन झाला की थेट कर्णाच्या मध्यावर बसतो, आणि विशालकोन होताच त्रिकोणाबाहेर निघून जातो. फळ्यावर हे दाखवायला तीस त्रिकोण काढावे लागले असते. नंतरची पाच मिनिटं झाकणं बंद करून पुन्हा वहीत: काय दिसलं, आधीचा अंदाज का चुकला, काटकोनाला तो नेमका कर्णाच्या मध्यावरच का बसला? अंदाज आधी लिहिलेला नसेल तर हे सगळं नुसती गंमत म्हणून डोळ्यांसमोरून निघून जातं. विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासकांनी भाकीत, निरीक्षण आणि स्पष्टीकरण असा हा क्रम फार पूर्वीच सांगून ठेवला आहे. लॅपटॉपने त्यातली मधली पायरी सोपी केली.

विज्ञानात हाच क्रम आणखी महत्त्वाचा होतो. विद्युत परिपथ शिकवताना मुलांच्या मनात एक कल्पना घट्ट बसलेली असते: बल्ब वीज खातो, त्यामुळे बल्बच्या पुढच्या तारेत विद्युतधारा कमी असते. एकसर जोडणीत दोन बल्ब असले तर पहिला जास्त उजळेल आणि दुसऱ्याला उरलेली वीज मिळेल, असं मुलं सांगतात. मोठी माणसंही सांगतात. याला आधी खरा घट, खरी तार आणि टॉर्चचे दोन सारखे बल्बच हवेत. हाताने जोडावं, दोन्ही सारखेच लागलेले पाहावेत, चकित व्हावं. त्यानंतर भौतिकीचे नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातलं परिपथाचं सादृश्य (सिम्युलेशन) उघडावं. इथे तारेतले इलेक्ट्रॉन हलताना दिसतात, आणि बल्बच्या अलीकडे-पलीकडे मापक लावला की आकडा सारखाच येतो. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दाखवणं हे यंत्राचं काम. घट आणि बल्ब स्वस्तात हातात येत असताना तो प्रयोगही पडद्यावरच उरकला, तर मुलाला तो खेळातलाच एक नियम वाटतो. खऱ्या बल्बने मुलाचा अंदाज आधी खोटा पाडलेला असला पाहिजे, म्हणजे पडद्यावरचं खरं वाटतं. ‘फेट’ची बरीच सादृश्यं मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. आपल्या शाळांत ही दुसरी सोय पहिलीइतकीच मोलाची.

गंमत म्हणजे लॅपटॉपवरचा उत्तम पाठ कधीकधी मैदानात सुरू होतो. सीमूर पॅपर्ट हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणिती. जिनिव्हात जाँ पियाजे यांच्याबरोबर काही वर्षं काम करून ते एमआयटीत आले, आणि १९६७ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. तिच्यात एक कासव असतं. ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ अशा आज्ञा दिल्या की ते चालतं आणि मागे रेघ उमटते. आजच्या स्क्रॅच या मुलांच्या भाषेतही त्याचंच रक्त आहे. गुरुजींनी पोरांना मैदानात न्यावं. एकाने कासव व्हायचं, दुसऱ्याने आज्ञा द्यायच्या. दहा पावलं पुढे, ९० अंश उजवीकडे, असं चार वेळा केलं की चौरस. वर्गात येऊन तेच लॅपटॉपवर लिहायचं, तेही जमतं. मग समभुज त्रिकोण. मुलं बिनधास्त ६० अंश वळायला सांगतात, कारण त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे पाठ आहे. कासव मात्र त्रिकोण न करता भलतीकडेच निघतं. ते षटकोनाच्या वाटेला लागलेलं असतं. इथे गुरुजींनी गप्प राहावं. दोन-तीन मुलं उठून वर्गातच चालून पाहतात, आणि कुणाच्या तरी लक्षात येतं की आपण आतला कोन सांगतोय, पण पाय बाहेरच्या कोनातून वळतायत. ६० नाही, १२० हवेत. पंचकोनाला ७२. प्रत्येक वेळी पूर्ण फेरी ३६० अंशांचीच होते. पॅपर्ट यांचं सारं म्हणणं याच प्रसंगात मावतं. चूक खोडायची नसते. कासव कुठे भरकटलं ते शोधायचं असतं. आपल्या शाळांत लाल शाईने चूक संपते. इथे त्या चुकीपासूनच काम सुरू होतं, आणि एरवी गणिताला घाबरणारी मुलंही यात रमतात, कारण कासव कुणाला रागावत नाही.

भाषेच्या तासाला लॅपटॉप क्वचितच उघडतो, याचं मला फार वाईट वाटतं, कारण भाषेसाठी त्यात भरपूर काही आहे. मराठी टंकलेखनाचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड घ्या. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. जोडाक्षर करायचं तर आधी पहिलं अक्षर, मग हलन्त, मग दुसरं अक्षर, असा उच्चाराचा क्रम पाळावाच लागतो. तिसरी-चौथीत रफार हा मोठा अडथळा असतो. ‘सूर्य’ लिहिताना र डोक्यावर, तोही पुढच्या य वर बसतो, त्यामुळे ‘आधी काय म्हणायचं’ याचा गोंधळ होतो. टंकताना मात्र र, हलन्त, य असंच जावं लागतं. ‘चक्र’ला क, हलन्त, र. बोटांनी हा फरक चार वेळा केला की डोळ्यांनाही तो दिसू लागतो.

निबंधाचंही तसंच. वहीत निबंध एकदा लिहिला की संपला, कारण पुन्हा सगळं लिहून काढायचा कंटाळा येतो. मुलांना पुनर्लेखन शिकवायचं तर परिच्छेद उचलून वर नेता आला पाहिजे, शब्द बदलून पाहता आला पाहिजे, आणि पहिला खर्डा शेजारी ठेवून दुसरा लिहिता आला पाहिजे. दोन मुलांनी एकमेकांचा खर्डा वाचावा आणि जिथे कळलं नाही तिथे ठळक रंगाने खूण करावी. बाईंनी चाळीस वह्या घरी नेऊन शुद्धलेखन तपासण्यापेक्षा या एका तासात जास्त शिकवून होतं.

आणि आवाज. चाळीसच्या पटात प्रत्येकाचं प्रकट वाचन रोज ऐकणं कुठल्याच शिक्षकाला शक्य नाही. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर मूल आपला उतारा ध्वनिमुद्रित करू शकतं. ऐकताना ते स्वतःच ओशाळतं आणि पुन्हा वाचतं. पडद्यावर आवाजाची लाट दिसते आणि थांबलं तिथे सपाट रेघ. स्वल्पविरामाची जागा कानांबरोबर डोळ्यांनाही कळते. यातूनच पुढे आजीचं गाणं मुद्रित करायला जाता येतं. जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह हेमा राईरकर आणि गी प्वातव्हॅं यांनी गावोगावच्या बायकांबरोबर अनेक वर्षं खपून उभा केला, आणि पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘परी’च्या संकेतस्थळावर तो २०१७ पासून क्रमाने येतो आहे. वर्गाने त्यातल्या पाच-सहा ओव्या ऐकाव्यात, मग आपल्या आळीतल्या म्हाताऱ्या बाईंकडे जावं. मुद्रण, लेखन, न कळलेल्या शब्दांची यादी, त्यांचे अर्थ घरी विचारून आणणं. हे काम इंटरनेटवर तयार मिळत नाही.

मुलाने प्रश्न टंकला की चार क्षणांत निबंध हातात येतो, अशा काळात ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून ‘माझा आवडता ऋतू’ सांगणारं लेखन घरून करून आणायला सांगण्यात अर्थ उरला नाही. पण आपल्या गावच्या विहिरीची मे महिन्यातली पातळी, आजीची ओवी, शाळेच्या अंगणातला पाऊस यांची उत्तरं गावातच सापडतात.

पावसाचंच घ्या. प्लॅस्टिकची बाटली कापून केलेला पर्जन्यमापक, सकाळी साडेआठची नोंद (हवामान खात्याचा पावसाचा दिवसही याच वेळी बदलतो), आणि जूनपासूनचे आकडे एका तक्त्यात. पहिला आलेख मुलांनी आलेख कागदावरच काढावा, हा माझा आग्रह आहे. अक्षावर प्रमाण घेण्याची झटापट झाल्याशिवाय आलेख वाचता येत नाही, आणि एका क्लिकवर येणारा रंगीत आलेख ती झटापटच काढून घेतो. दुसऱ्या महिन्यापासून लॅपटॉप. आता मजा आहे ती ‘सरासरी पाऊस’ काढण्यात. एका दिवशी ढगफुटी झाली की सरासरी कशी उडी मारते आणि मध्यक जागचा कसा हलत नाही, हे आकडे बदलून पाहता येतं. दोन शेजारच्या गावांच्या शाळांनी तक्ते अदलाबदल केले तर प्रश्न आपोआप तयार होतात.

मुलं बसवायची कशी, यावर निम्मा तास अवलंबून असतो. एका लॅपटॉपला दोन किंवा तीन मुलं हे मला नुसतं परवडतं म्हणून योग्य वाटत नाही, ते शिकण्यासाठीही योग्य वाटतं. एकाच्या हातात कीबोर्ड असेल तेव्हा दुसऱ्याने बोलायचं, आणि हाताने फक्त सांगितलेलं करायचं. दहा मिनिटांनी अदलाबदल. म्हणजे विचार तोंडातून बाहेर येतो आणि शिक्षकाला तो ऐकू येतो. ही अदलाबदल शिक्षकाने घड्याळ लावून करून घेतली नाही, तर बहुतेक वर्गांत कीबोर्ड मुलग्यांकडेच राहतो आणि मुली शेजारी बसून पाहतात. हा अन्याय कुणी जाणूनबुजून करत नाही, म्हणूनच तो लक्ष ठेवून मोडावा लागतो. बाकं भिंतीकडे तोंड करून यू आकारात लावली, की मधे उभ्या राहिलेल्या बाईंना सगळे पडदे एका नजरेत दिसतात.

‘झाकणं खाली’ ही आज्ञा पहिल्याच दिवशी शिकवावी. कॅनडातल्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये महाविद्यालयीन वर्गात तपासलं, की तासाला लॅपटॉपवर भलतंच उघडणाऱ्याचे गुण कमी होतात, आणि त्याचा पडदा ज्यांना दिसतो त्या मागच्या मुलांचेही कमी होतात. शिक्षक समजावून सांगत असताना उघडा पडदा म्हणजे मुलांपुढे दुसरा शिक्षक उभा करणं. २०१४ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात हाताने टिपणं घेणाऱ्यांना संकल्पना जास्त समजल्याचं दिसलं. नंतरच्या पडताळणीत तो फरक तितका ठाम राहिला नाही. तरी शाळकरी मुलाने टिपण वहीतच घ्यावं, या मताचा मी आहे. स्वीडनच्या सरकारने २०२३ साली लहान वर्गांतले पडदे कमी करून छापील पुस्तकांसाठी पैसे दिले, ते काही यंत्रद्वेषातून नव्हे. कुठला वेळ पडद्याचा आणि कुठला पुस्तकाचा, हे ठरवण्याची जबाबदारी त्यांनी परत अंगावर घेतली.

कपाटातल्या लॅपटॉपची काळजी हाही शिकवण्याचाच भाग आहे. आपल्या भागात लॅपटॉपचा मोठा फायदा म्हणजे बॅटरी. वीज सकाळी असो की नसो, रात्रभर चार्ज केलेलं यंत्र दोन-तीन तास सहज चालतं, जे डेस्कटॉपला जमत नाही. पण उन्हाळ्याच्या सुटीत पूर्ण उतरलेल्या बॅटरीसह लॅपटॉप पत्र्याच्या खोलीत ठेवले तर जूनमध्ये त्यातले काही उठत नाहीत. निम्म्याच्या आसपास चार्ज करून, थंड जागी आणि महिन्या-दीड महिन्याने एकदा पाहून ठेवावेत. चार्जिंगची, पुसण्याची, नोंदीची पाळी मुलांच्या गटांना द्यावी. केरळमध्ये हायस्कूलच्या मुलांची ‘लिटिल काइट्स’ मंडळं २०१८ पासून हेच करतात. तिथल्या सरकारी यंत्रणेने २००१ पासून ‘आयटी@स्कूल’ हा प्रकल्प चालवला. मोफत, मुक्त सॉफ्टवेअरवर भर दिला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले. वर्गावर रोज उभं राहणारा माणूस दुसऱ्या वर्गावरच्या माणसाला शिकवतो, तेव्हा चाळीसचा पट, बंद पडलेला स्वीच आणि अपुरा तास या गोष्टी त्याला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

आपल्याकडेही असे शिक्षक आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे ‘बालभारती’च्या पुस्तकांतही ते आले, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची बातमी सगळ्यांनी वाचली. मला त्यातली सुरुवात मोलाची वाटते: कविता, चित्रफिती, प्रश्न हे साहित्य त्यांनी आपल्या वर्गातल्या मुलांसाठी स्वतः बनवलं होतं. विकत आणलेल्या ‘ई-लर्निंग’च्या पेटीत ते नसतं. दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरचा प्रयोग झाला. त्यात प्रत्येक मुलाच्या पातळीचे प्रश्न यंत्र निवडत होतं, आणि साडेचार महिन्यांत गणित व हिंदी दोन्ही सुधारलं. तिथेही निम्मा वेळ यंत्रासमोर आणि निम्मा वेळ शिक्षकासोबत लहान गटात जात होता. सहावीतलं मूल चौथीच्याही मागे असू शकतं, हे आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. अशा मुलाला त्याच्या पातळीवरचं काम देण्यासाठी यंत्र उत्तम. मात्र ते काम पाहून ‘तू इथे अडतोस’ असं त्याच्या शेजारी बसून सांगणारं माणूस लागतंच.

दिवाळीची सुटी संपून दुसरं सत्र सुरू होईल. पुष्कळ शाळांच्या कपाटांत दोन-चार लॅपटॉप कुलपात आहेत. खराब झाले तर जबाबदारी कुणावर, ही भीती त्या कुलपामागे आहे आणि ती समजण्यासारखी आहे. मुख्याध्यापकांनी पहिल्याच बैठकीत लेखी सांगून ती भीती शिक्षकांच्या मनातून काढावी. एका इयत्तेचा, एका विषयाचा, आठवड्यातला एकच तास निवडावा आणि महिनाभर तोच करत राहावं. तीच मुलं, तोच वर्ग. केंद्रप्रमुखांनी पुढच्या शिक्षण परिषदेत भाषणांऐवजी याला वेळ द्यावा: दहा शिक्षक, पाच लॅपटॉप, एक त्रिकोण. शिक्षकांनी आधी कागदावर आपला अंदाज लिहावा, मगच शिरोबिंदू ओढावा, आणि परिकेंद्र बाहेर गेल्यावर शेजारच्याशी मनसोक्त वाद घालावा. त्या दिवशी प्रोजेक्टर लावू नये.